पेटीची मुळं

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी माझ्या सासूबाई आम्हाला पोचवायला एसटीपर्यंत आल्या नाहीत. त्या विहिरीवर होत्या. माळशिरसच्या दक्षिणेचा आमचा भाग कोरडा, मेंढरांचा. उन्हाळा लागला की विहिरीला पाळ्या लागायच्या. तळात झिरपून जेवढं साचेल तेवढं एका घरानं शेंदायचं आणि बाजूला व्हायचं. पाळी हुकली की हुकली. पोरगा आणि सून कायमचे सोलापूरला निघालेत, एसटी येऊन चिंचेखाली उभी आहे, कंडक्टर घाई करतोय, आणि आमच्या आत्याबाई पोहरा आत सोडून वाकलेल्या. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. शेवटी हेच धावत विहिरीवर गेले, त्यांच्या मागं मी. आत्याबाईंनी दोर काही हातातून सोडला नाही. "म्हादा, माजी पाळी आली हाय. तुमी निगा," एवढंच म्हणाल्या आणि परत आत बघायला लागल्या. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "घागरीला पाय लागंल, त्या बाजूनं पड."

मला असा संताप आला होता की विचारू नका. माझं माहेर अकलूजकडचं, उसातलं. पाटाचं पाणी दारावरून वाहायचं आणि आम्ही पोरी त्यात पाय सोडून केस विंचरायचो. एसटीत बसल्यावर मी ह्यांना म्हणाले, "तुमच्या आईला पोरापेक्षा घागर मोठी." हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तुला न्हाय कळायचं. तू पाटाकडची." त्या वेळी मला तो टोमणा वाटला आणि पंढरपूर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

तुम्ही भावकीतले जे गावातच राहिलात, आणि तुमच्यातले जे पुढं पुण्याला, इचलकरंजीला पांगलात, ते सगळे मला आडून आडून एकच गोष्ट विचारत आलात. म्हातारी चार दिवसांसाठी सोलापूरला गेली होती, पोरगा गेल्यावरही ती गावाला परत का आली नाही? सुनेनं अडकवून ठेवली का? तोंडावर कोणी विचारलं नाही, पण लग्नकार्यात पंगतीला बसलं की बायकांच्या नजरेवरून कळतं. आता आत्याबाई नाहीत. तेव्हा एकदाच सगळं सांगते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

सोलापूरला उतरलो ते संध्याकाळी. ह्यांचं काम आधीच ठरलं होतं, एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात, वायरमनच्या हाताखाली. स्टेशनजवळच्या एका इराण्याच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो. तिथं कोपऱ्यात कपाटाएवढा ज्यूकबॉक्स होता. काचेच्या आत तबकड्यांची चळत आणि रंगीत दिवे. कोणी तरी नाणं टाकून बटणं दाबली तसा आतून एक लोखंडी हात आला, त्यानं चळतीतली एक तबकडी उचलली, फिरत्या ताटलीवर ठेवली आणि गाणं सुरू झालं. मी गाणं ऐकत होते, हे त्या हाताकडं बघत होते. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी ह्यांचं लक्ष नाही. "आत माणूस न्हाय, आन् हात बगितलास का," म्हणाले. असा हा माणूस. मेंढरांमागं वाढला, पण जीव सगळा यंत्रात.

गिरणीमागच्या चाळीत आम्हाला एक खोली मिळाली. पुढं ओटा, मागं हातभर रुंदीची बोळ. शेजारी नरसम्मा आणि तिचा नवरा, दोघं विणकर, घरात तेलुगू बोलणारे. पहिले काही महिने नरसम्मा माझ्याशी तेलुगूत भांडायची आणि मी तिच्याशी मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं अगदी बरोबर समजायचं. पुढं तिच्याइतकं जवळचं माणूस मला त्या शहरात कोणी नव्हतं. मूल काही आम्हाला झालं नव्हतं. होईल, घाई काय आहे, असं हे म्हणायचे.

पहिल्याच वर्षी मामंजी गेले. तार मिळून हे गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर ओट्यावर बसून पायातल्या वहाणा न काढता म्हणाले, "बापाच्या मातीला मी पाव्हण्यासारखा गेलो. आईच्या बाबतीत असं व्हायचं न्हाय. तिला मी हितं आणणार, माज्याजवळ ठेवणार." पुढं त्यांनी जे जे केलं ते ह्या एका बोलण्यापायी केलं. हे तुम्ही ध्यानात ठेवा, नाही तर त्या ज्यूकबॉक्सच्या पेटीचं खूळ काय होतं ते कळणार नाही.

आत्याबाई काही बोलावून येणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना दुष्काळानं आणलं. बहात्तर साली विहीर पार आटली, मेंढरं चुलत दीर खाली कोकणाकडं घेऊन गेला, तेव्हा हे जाऊन त्यांना घेऊन आले. आल्या त्या एक गाठोडं घेऊन. "पाऊस पडला की म्या चालले," हे दारातच सांगून टाकलं. गाठोडं दाराशी ठेवलं ते सोडलंच नाही. लुगडं बदलायचं झालं की गाठ सैल करून दोन बोटांनी ओढून काढायच्या आणि पुन्हा गाठ मारायच्या. पाऊस त्या वर्षी पडला नाही. म्हणून राहिल्या, पण कशा, तर वेटिंग रूममध्ये बसल्यासारख्या.

शहरानं त्यांना काही दिलं असेल तर तो चाळीचा नळ. त्या नळाकडं त्या देवासारख्या बघायच्या. नळ आला की सगळ्यांच्या आधी जाऊन बसायच्या आणि कोणाची घागर भरून वाहायला लागली की तिच्यावर ओरडायच्या. नरसम्मा एकदा दारात सडा घालत होती तर तिच्या हातातून बादली काढून घेतली. नरसम्मानं तेलुगूत काय काय ऐकवलं असेल ते देवाला ठाऊक. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तू लाख बोल, पर पाणी मातीत घालू नगंस." मी, हे आणि नरसम्मासुद्धा, आम्ही तिघंही हसलो होतो.

आता पेटी. स्टेशनजवळच्या त्या इराण्याचं हॉटेल बंद पडलं. ज्यूकबॉक्स त्याआधीच मुका झालेला. शेठ ह्यांना ओळखायचा, कारण हे येता-जाता त्या काचेत डोकं घालायचे. तो म्हणाला, उचलून नेत असशील तर ने. हे आणि नरसम्माचा नवरा हातगाडीवर घालून ते धूड घेऊन आले. दारातून आत जाईना, तेव्हा दाराची एक फळी काढली. खोलीत कॉटच्या पायथ्याला ठेवलं तर माणसाला वळायला जागा उरली नाही. आत्याबाई भिंतीला पाठ लावून बघत होत्या. म्हणाल्या, "हे मडं कशाला आणलंस रं घरात?"

"गातंय ते आई."

"मग गा म्हण की."

"जरा आजारी हाय."

आत्याबाईंची झोपायची जागा त्या पेटीलगतच आली. त्यातून त्यांचं आणि पेटीचं जे काही जुळलं ते जुळलं.

ह्यांची फर्स्ट शिफ्ट असायची. दुपारी घरी आले की आंघोळ, जेवण आणि पेटी. मागची फळी काढली तेव्हा आत उंदरांचं अख्खं घर निघालं. मोटर फिरायची पण तो हात हलायचा नाही, कारण आतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. ते सगळं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं. हात हलायला लागला तर तबकडी धरेना. धरली तर अर्ध्या वाटेवर सोडून द्यायचा आणि तबकडी खळ्‌कन आत पडायची. ताटली फिरवणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं, त्यावर ह्यांनी सायकलची ट्यूब कापून ताणून चढवली. मग ती फिरली, पण लंगडत. काचेचे व्हॉल्व्ह होते आवाजासाठी, त्यातले काही गेलेले. ते मंगळवार बाजारातून, कोणाच्या तरी मोडक्या रेडिओतून काढून आणले. ते बसवल्यावर आवाज आला तो नुसता भुंग्यासारखा, घूं घूं. एक दुखणं काढलं की त्याच्या मागं दुसरं उभंच. गिरणीतले हेड वायरमन इस्माईलभाई अधूनमधून येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, "म्हादेव, छोड दे रे, ये नै गाने की." हे ऐकून घ्यायचे आणि पुन्हा आत डोकं घालायचे.

आत उजेड धरायला माणूस लागायचं. मी स्वयंपाकात, तेव्हा आत्याबाई कंदील धरून बसायला लागल्या. पहिल्यांदा कुरकुरत बसल्या, मग न सांगता बसायला लागल्या. आणि मग मायलेकांचं बोलणं सुरू झालं. मी चुलीपाशी बसून ऐकायची. मामंजी शेवटी काय बोलले, कोणत्या मेंढीनं त्या साली जुळी दिली, ह्यांच्या लहानपणी देवीच्या साथीत ह्यांची थोरली बहीण कशी गेली. घरात हे दोघं असं कधी बोलले नव्हते. गावात आई पाण्याला, पोरगं मेंढरांमागं, बोलणार कधी? त्या पेटीत डोकं घालून ह्यांना आई सापडली असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. माझ्याशी हा माणूस एवढं कधी बोलला नव्हता.

सगळ्यात मोठं दुखणं शेवटी निघालं. पेटी अमेरिकेची, तिला आपल्या घरातल्या विजेच्या निम्मीच वीज चालते. ती निम्मी करून देणारा ट्रान्सफॉर्मर हॉटेलातच जळालेला, आणि तोवर हे इस्माईलभाईंनी गिरणीतून उसना दिलेला लावून बघत होते. नवा मिळेना, तेव्हा ह्यांनी घरीच गुंडाळायला घेतला. तांब्याची वार्निश लावलेली तार, वेढ्याला वेढा लावून, मधे मधे कागद घालून. तार सारखी ताणलेली राहायला हवी. ते काम आत्याबाईंनी घेतलं. जन्मभर लोकरीचं सूत काढलेला तो हात, तार कधी सैल पडली नाही की तुटली नाही. किती तरी दुपारी दोघं समोरासमोर बसून ते करत होते.

चाळीच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं. हे गिरणीत काम करणारे, अर्थिंगशिवाय असलं धूड लावणं त्यांच्या जिवावर आलं. मागच्या बोळीत भिंतीशी त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा पुरला, वर मीठ आणि कोळशाचे थर दिले, एक नळी उभी केली आणि तिथून तार आणून पेटीच्या लोखंडाला जोडली. मला त्यांनी नीट समजावलं होतं. आतली वीज कधी चुकून पत्र्यात उतरली तर ती ह्या तारेनं जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. पण त्यासाठी खड्डा ओला पाहिजे. कोरडी जमीन वीज घेत नाही.

नळीत रोज पाणी घालायचं काम ह्यांनी मुद्दाम आत्याबाईंना दिलं. मला म्हणाले, घरात तिचं म्हणून एक काम पाहिजे, तरच तिला हे घर तिचं वाटंल. आत्याबाईंनी खड्ड्याकडं बघून विचारलं, "ह्यात झाड लावलंस का काय?"

"न्हाई. पेटीची मुळं हायत."

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हेही हसले. त्यांना आईला हसवायचं होतं, शिकवायचं नव्हतं. विजेचं ते सगळं त्यांनी आईला कधी सांगितलं नाही, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही, कारण हिवाळा होता, नळाला भरपूर पाणी होतं, आणि आत्याबाई रोज सकाळी दोन तांबे त्या नळीत ओतून यायच्या. "मुळं पाजून आले," म्हणायच्या.

पेटी गायली तो दिवस रविवारचा. सगळी चाळ दारात. आत दिवे लागले, हात आला, तबकडी उचलली, ठेवली, आणि एका बाईचा आवाज खोलीभर पसरला. कुठल्याशा हिंदी सिनेमातलं रडवं गाणं. आत्याबाईंना त्यातला शब्द कळत नव्हता. संपेपर्यंत हलल्या नाहीत, संपल्यावर म्हणाल्या, "बाई कशापायी रडतीया?" ह्यांनी सांगितलं, नवरा परदेशी गेलाय म्हणून. "येईल की मग," आत्याबाई म्हणाल्या, "पुन्यांदा लाव." ह्यांनी त्यांना कोणती दोन बटणं दाबायची ते दाखवलं. अक्षर येत नव्हतं, पण बटणं त्यांनी जागेवरून ध्यानात ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं, दाराशी गाठोडं नव्हतं. लुगडी माझ्या ट्रंकेत माझ्या लुगड्यांवर ठेवली होती आणि गाठोड्याचं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. मी ह्यांना खुणेनं दाखवलं. हे ओट्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यांना जे पाहिजे होतं ते झालं होतं.

मग उन्हाळा आला. तसला उन्हाळा सोलापुरात मी पुन्हा पाहिला नाही. नळ दिवसाआड झाला, मग त्याचाही नेम राहिना. नळावर बायकांची डोकी फुटायची वेळ आली. माझी तब्येत तेव्हा बरी नसायची, उन्हात रांगेत उभं राहिलं की भोवळ यायची. पण आमच्या घरातला रांजण कधी रिकामा पडला नाही. नरसम्माला आश्चर्य वाटायचं. मला वाटायचं, आत्याबाई नळावर भांडून आणत असतील, आणि मनात म्हणायची, बरं झालं बाई ही सासू आली. त्या मे महिन्यात मला पहिल्यांदा त्यांची माया वाटायला लागली होती.

ती दुपार सांगते आणि थोडक्यात सांगते. हे शिफ्टवरून आले, आंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आले. गार वाटावं म्हणून मी नुकतीच शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती. आत्याबाईंनी त्यांचं रडकीचं गाणं लावलं. बटणं प्लॅस्टिकची असल्यानं त्यांना काही झालं नाही. हात तबकडी घेऊन आला आणि मधेच अडकला. तसा तो अडकायचाच. हे नेहमी पेटीच्या वरच्या निकेलच्या पट्टीवर थाप मारायचे आणि हात सुटेपर्यंत पंजा तिथंच ठेवून उभे राहायचे. त्या दिवशीही थाप मारली. पंजा सुटला नाही. तोंडातून आवाजसुद्धा आला नाही. आत्याबाई पेटीकडं बघत होत्या, ह्यांच्याकडं नाही. मी किंचाळले तेव्हा नरसम्माचा नवरा धावत आला आणि त्यानं काठीनं मेन स्विच पाडला. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दिवसकार्य व्हायच्या आधीच इस्माईलभाई आले. त्यांना चैन पडत नव्हतं. म्हणाले, मैंने तार देखी थी, अर्थ देखा था, ऐसा होना नै था. पेटी उघडून त्यांनी सांगितलं की ट्रान्सफॉर्मरच्या एका वेढ्यावरचं वार्निश उन्हाच्या तापानं मऊ होऊन तार आतल्या लोखंडाला टेकली होती. असं होतं, नव्या कंपनीच्या मालातही होतं. पण मग फ्यूज का उडाला नाही? ते कुदळ घेऊन मागच्या बोळीत गेले. मी मागून गेले. खड्ड्यातली माती भुकटीसारखी होती. कोळसा हातात घेतला तर नुसता खळखळला. इस्माईलभाईंनी वर बघितलं. "भाभी, इसमें तो बूँदभर पानी नै. पानी कौन डालता था?"

मी म्हणाले, थांबा. आत गेले. आत्याबाई भिंतीशी बसल्या होत्या, गेले कित्येक दिवस बसल्या होत्या तशाच. मी विचारलं, "आत्याबाई, खड्ड्यात पाणी घालत होता ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नळ दिवसाआड झाला तवापासनं न्हाय बाई. मातीत कुटं वतायचं? त्येच रांजनात घालत व्हते. तुला उन्हात रांगंत हुबं ऱ्हावं लागू नये म्हून." मग विचारलं, "का गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

बाहेर आले आणि इस्माईलभाईंना सांगितलं, "पाणी मीच घालायची. विसरले."

हा माझा थोरपणा होता असं कोणी समजू नका. तोंडातून ते कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच वाटलं की त्या बाईला हे कळलं तर ती भिंतीशी बसली आहे तिथंच मरेल, आणि एका घरातून दोन मढी काढायचं बळ माझ्यात नव्हतं. इस्माईलभाईंनी कुदळ उचलली. खड्डा बुजवला, हात झटकले आणि गेले. पण चाळीच्या भिंती पातळ. महादेवची बायको पाणी घालायचं विसरली, असं चार दारं पुढं गेलं, तिथून गिरणीत गेलं. गावात तुमच्याही कानावर आलं असेल. आलं असणारच, कारण त्यानंतर तुमच्यापैकी काहींनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही ते मी पाहिलं आहे.

आणि राग. रागाचं बोलायलाच हवं. मला आत्याबाईंचा असा राग होता की त्यांनी वाढलेलं ताट पुढं आलं की घास उतरायचा नाही. रांजणाकडं बघवत नव्हतं. मे महिनाभर मी त्याच रांजणातून प्यायले होते. कधी कधी अगदी ओठावर यायचं, सांगून टाकावं, एकदाच हिला कळू दे, मग मी मोकळी. त्या समोर बसून तांदूळ निवडत असायच्या. मी तोंड उघडायची आणि म्हणायची, "मीठ संपलंय."

माझा भाऊ अकलूजहून न्यायला आला. म्हणाला, "चल ताई, आता हितं कुनाचं काय हाय?" बरोबरच होतं त्याचं. मी ट्रंक काढली, लुगडी भरायला घेतली, तर वर आत्याबाईंची लुगडी. ती बाजूला काढून ठेवायला जागाच नव्हती खोलीत. मी ट्रंक पुन्हा बंद केली आणि भावाला म्हणाले, पाऊस पडला की ह्या गावाला जातील, मग बघू.

पाऊस त्या वर्षी चांगला पडला. विहिरीला पाणी आलं, चुलत दीर मेंढरं घेऊन परतला आणि आत्याबाईंना न्यायला माणूस आला. मी आत जाऊन चूल सारवत बसले, कारण मला त्या जायला हव्या होत्या. बाहेर त्या त्याला म्हणाल्या, "तू जा. म्या न्हाय येत." एवढंच. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पेटी भंगारवाल्यानं नेली. मी आधी सातवीवर थांबले होते ती पुढं शिकले आणि बालवाडीत लागले. दोघी बायका एका खोलीत राहिलो. माझ्या केसांना तेल त्या लावायच्या, त्यांच्या पायांना मी. राग कधी गेला ते कळलं नाही. तो एका दिवशी गेला नाही, वापरून वापरून कापड विरतं तसा विरला. तरीही ती गोष्ट मधे असायची, आणि मला वाटायचं की ती मला एकटीलाच दिसते.

दशक सरत आलं होतं. एका दुपारी मी बालवाडीतून आले. आत्याबाई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. नजर अधू झालेली, खडा बोटानं चाचपून काढायच्या. मी शेजारी बसले. कोणतंही निमित्त नसताना, सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या दिशी तू इस्माईलला म्हनलीस, मी इसरले. म्या आतनं ऐकलं व्हतं."

मी सुपात घातलेला हात मागं घेतला.

"तू आत येऊन मला इचारलंस, भाईर जाऊन त्येला सांगितलंस. म्या काय येडी हाय का गं? तवाच कळलं मला."

इतकी वर्षं. मी तिला वाचवतेय असं समजून गिळलेली एक एक रात्र माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत, आत्याबाई?"

"काय बोलू? बोलले असते तर तू म्हनलं असतंस, तुमचं न्हाय चुकलं. आन् मला ते ऐकायचं नव्हतं." त्यांनी एक खडा काढला, बोटांत फिरवला आणि खाली टाकला. "लोक तुला बोलत व्हते, माज्या वाट्याचं. मी गावाला गेले असते तर तू एकलीच ऐकत बसली असतीस. म्हून ऱ्हायले. कुनी काय बोललं तर म्या हुबी हाय तुज्यापाशी, येवढंच माज्या हातात व्हतं."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. सूप माझ्या मांडीवर सरकवून म्हणाल्या, "तू निवड आता. मला दिसंना झालंय."

तर असं आहे. म्हातारीला कोणी अडकवलं नव्हतं. आता तुम्ही निरोप धाडता की गावात बोअरला पाणी लागलंय, नवं घर बांधलंय, काकू, एकट्या तिथं काय करता, या इकडं. माया आहे तुमची, मला कळतं. पण मी येणार नाही. जिथं माझ्यावरचा आळ वाटून घ्यायला ती बाई मुकाट्यानं राहिली, तेच माझं घर. त्या खोलीत ह्यांचा जीव गेला, आणि त्याच खोलीत माझ्यापाशी कोणी तरी उभं राहिलं. दोन्ही गोष्टी तिथंच झाल्या, म्हणून मी तिथंच राहते.